फुंकणी, वाकनळ आणि माझा टॉर्च

आजीचं जोडवं तुटलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

चांदीचं, तीन वेढ्यांचं, पन्नासेक वर्षं बोटात राहून एका बाजूला पार कागदासारखं झिजलेलं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा तिने ते रुमालात बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पुण्यात जोडून आण. नवं नको हं, हेच पाहिजे." कुठलाही शहाणा माणूस ते घेऊन सरळ सोनाराकडे गेला असता. पण मी पडलो इंजिनियर. त्यात ऑफिसातला रिलीज नुकताच होऊन गेलेला, पुढचे दोन-तीन विकांत मोकळे, आणि डोक्यात किडा! म्हटलं, दोन मिलिमीटरचा सांधा आहे, त्यात काय एवढं?

पहिला बेत अगदीच बावळट होता. कॉलेजातलं सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे अजून आहे, म्हटलं त्यानेच चिकटवू. बरं झालं, आधी थोडं वाचलं. इलेक्ट्रॉनिक्सचं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि सांधा राहतो लेचापेचा. पण खरी गोम पुढे आहे. शिसं एकदा चांदीला लागलं की ते सगळं खरवडून काढावं लागतं. पुढे कधी कोणी ते जोडवं नीट तापवलं, तर तेच शिसं चांदीत मुरतं आणि तिला खड्डे पाडतं. म्हणजे आज केलेल्या जुगाडाची किंमत पुढच्या सोनाराने मोजायची. (कोडमध्ये आपण हे रोज करतो, पण आजीच्या जोडव्यावर नको.)

चांदीला चांदीचाच डाक लागतो. म्हणजे चांदीत तांबं आणि जस्त मिसळून केलेला, चांदीच्या जरा आधी वितळणारा धातू. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंशांना, डाक साधारण ७०० ते ७५० च्या दरम्यान. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत सोनाराचा सगळा धंदा बसलेला आहे. खाली राहिलात तर सांधा होत नाही, वर गेलात तर दागिन्याची गोळी होते. आणि ही फट सांभाळायला जे लागतं ते म्हणजे टॉर्च.

आता कुठला टॉर्च, हे बघायला नेटवर बसलो आणि पहाटे तीनला उठलो. ब्यूटेनचा हातातला, एलपीजीचा, एलपीजी-ऑक्सिजनचा, ॲसिटिलीनचा, पाण्यावर चालणारा (हो, पाण्यावर!), पेट्रोलचा... शेवटी टॉर्च विकत घ्यायच्या आधी मी टॉर्चचा इतिहासच वाचून काढला. आजची पोस्ट त्याच भानगडीची आहे.

इजिप्तमध्ये सक्कारा इथे मेरेरुका नावाच्या वजिराची कबर आहे, इसवीसनापूर्वी सुमारे २३०० सालची. तिच्या भिंतीवर एक चित्र कोरलेलं आहे. भट्टीच्या भोवती माणसं बसलीयेत, प्रत्येकाच्या तोंडात लांब नळी, आणि सगळे मिळून मुशीखालच्या निखाऱ्यांवर फुंकताहेत. पलीकडे बुटके कारागीर बसून गळ्यातले हार तयार करताहेत. भाता नाही, पंखा नाही. नुसती फुफ्फुसं! नळ्या बोरूच्या, आणि टोक जळू नये म्हणून त्याला मातीची चोच. गंमत म्हणजे दक्षिण अमेरिकेत, ज्यांचा इजिप्तशी काडीचा संबंध नव्हता त्या इंका लोकांबद्दल गार्सिलासो दे ला वेगाने १६०९ साली हेच लिहून ठेवलंय. आठ, दहा, बारा माणसं गोल उभी राहून तांब्याच्या नळ्यांनी विस्तवावर फुंकत. माणसाला आग पाहिजे तेवढी तापवायची असेल, तर पहिली कल्पना हीच सुचते. आपल्या स्वयंपाकघरातली फुंकणी त्यातलीच.

पण दागिन्याच्या सांध्याला एवढी माणसं चालत नाहीत. तिथे आग मोठी नको, नेमकी पाहिजे. इसवीसनापूर्वी पंधराव्या शतकातल्या रेखमिरेच्या थडग्यात एक एकटाच सोनार दिसतो: समोर छोटीशी शेगडी, एका हातात चिमटा आणि तोंडात नळी. मला हे चित्र पाहून अंगावर काटा आला. कारण आमच्या पेठेतले सोनारकाका लहानपणी त्यांच्या वडिलांना अगदी असंच बसलेलं बघायचे.

सोनारकाकांकडे मी जोडवं घेऊन गेलो होतो, जोडायला नव्हे, फक्त सल्ला विचारायला. असला सल्ला विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात पहिलंच भेटलं असणार. आधी पोटभर हसले. मग खालच्या कप्प्यातून एक पितळेची नळी काढली, एका टोकाला निमुळती होत वाकलेली. म्हणाले, "ही वाकनळ. बापाची." नुसतं समईएवढं दिव्याचं पातं असायचं, त्याच्या कडेला वाकनळीचं टोक धरून फुंकायचं, की पिवळी लवलवणारी ज्योत आडवी होऊन निळ्या सुईसारखी होते. समोर कोळशाचा तुकडा आणि त्यावर दागिना. रसशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत 'वंकनाल' म्हणून जी नळी येते, ती हीच.

"पण श्वास घेताना ज्योत विझत नाही का?" मी.

"सनईवाला श्वास घेताना सनई थांबते का?" काका.

आणि हीच खरी युक्ती. गालात हवा साठवायची, गालांनी ती ढकलत राहायची, आणि तेवढ्यात नाकाने श्वास आत. हे जमलं की ज्योत तासभर हलत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातले रसायनशास्त्रज्ञ हेच सोनारांचं कसब शिकले. क्रोनस्टेटने १७५१ साली निकेल शोधलं, तो या फुंकनळीचा मोठा वस्ताद. पुढे बर्झेलियसने १८२० साली फुंकनळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. खिशात मावणारी प्रयोगशाळा होती ती! दगडाचा कण कोळशावर ठेवा, फुंका, रंग बघा, धातू ओळखा.

मला स्वतःला यातलं सगळ्यात आवडलेलं प्रकरण मात्र इट्रस्कन लोकांचं. इटलीत इसवीसनापूर्वी सातव्या शतकात हे लोक सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचे कण चिकटवत, पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक, हजारोंनी. साधा डाक वापरला असता तर तो वाहून कणांच्या मधल्या जागा भरून गेल्या असत्या आणि नक्षीचा चिखल झाला असता. ते करत कसं, हे पुढे लोक विसरले. रोमच्या कास्तेलानी घराण्याने एकोणिसाव्या शतकात तसे दागिने करायचा ध्यास घेतला, पण मूळची नजाकत काही हाती लागली नाही. १९३३ साली लिटलडेल नावाच्या इंग्रज सोनाराने उत्तराचं पेटंट घेतलं. तांब्याचं संयुग आणि सरस एकत्र करायचं, त्याने कण चिकटवायचे आणि तापवायचं. सरस जळून कोळसा होतो, तो कोळसा तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन खेचून घेतो, आणि प्रत्येक कणाच्या तळाशी फक्त टेकला आहे तिथेच शुद्ध तांबं उरतं. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, तांबं मिसळलेलं नऊशेच्या आसपासच. म्हणजे डाक बाहेरून आणायचाच नाही, तो जागच्या जागी तयार होतो. रोमन लेखक प्लिनी तांब्याच्या हिरव्या खनिजाला 'सोन्याचा डिंक' म्हणत होता. दोन हजार वर्षं उत्तर पुस्तकात छापलेलं होतं आणि कोणी वाचलं नव्हतं. डॉक्युमेंटेशन कोणी वाचत नाही, हे दुःख जुनं आहे तर!

असो. टाकणखाराबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे कृतघ्नपणा होईल. तापलेल्या धातूवर ऑक्साइडची साय धरते आणि सायीवर डाक वाहत नाही. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो, ती साय विरघळवतो आणि हवा अडवतो. जगाला हा खार शेकडो वर्षं तिबेट-लडाखच्या बाजूने जायचा. युरोपात कच्च्या टाकणखाराला 'टिंकल' म्हणत, तो आपला 'टंकण'च.

आता मुद्द्याची गोष्ट. तोंडाच्या वाकनळीने सोनं-चांदी जमते, प्लॅटिनम जमत नाही. त्याला १७६८ अंश लागतात. आज इक्वेडोर-कोलंबिया आहे तिथल्या जुन्या कारागिरांनी यावर मोठी हुशारी केली होती. प्लॅटिनमचे दाणे सोन्याच्या चुऱ्यात मिसळून तापवायचे, सोनं वितळून दाण्यांना धरतं, मग ठोकायचं, पुन्हा तापवायचं. पण वितळवणं मात्र नाहीच.

ते केलं फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअरने, १८०१ साली, वयाच्या विसाव्या वर्षी. वडिलांची बिअरची ब्रूअरी होती, त्यामुळे घरात पिंपं पुष्कळ. त्याने पिंपातून पाण्याच्या दाबाने हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या नळ्यांतून आणून तोटीपाशी एकत्र जाळले. ज्योत सुमारे २८०० अंशांची! प्लॅटिनम वितळलं. आपण ज्याला टॉर्च म्हणतो त्याचा हा मूळपुरुष. याच ज्वालेत चुन्याचा गोळा धरला की डोळे दिपवणारा प्रकाश पडतो. तो पुढे नाटकवाल्यांनी रंगमंचावर नटांवर पाडला, तोच 'लाइमलाइट'.

हेअरच्या यंत्रात एक गोष्ट शहाणपणाची होती: दोन्ही वायू शेवटपर्यंत वेगळे. केंब्रिजचे खनिजशास्त्राचे प्राध्यापक क्लार्क यांना १८१६ च्या सुमारास वाटलं, हे दोन कशाला सांभाळा? एकाच भांड्यात योग्य प्रमाणात मिसळून, दाबून भरलं की काम सोपं, ज्योतही झकास. इंटरफेस सोपा केला म्हणा ना! फक्त त्या भांड्याला दुसरं नाव बॉम्ब. ज्योत तोटीतून बाहेर येते कारण वायूचा बाहेर येण्याचा वेग ज्योतीच्या मागे पळण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. दाब संपत आला, तोटी चोंदली, की हिशोब उलटतो. ज्योत नळीतून मागे शिरते आणि भांड्यापर्यंत पोचते. क्लार्कसाहेबांचे स्फोट झाले. ते थांबले नाहीत, मध्ये आडोसा उभा करून पलीकडून काम करू लागले, आणि १८१९ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांच्या चिकाटीला सलाम, पण आमच्या टीममध्ये मी त्यांना प्रॉडक्शनचा ॲक्सेस दिला नसता.

उत्तर शेजारच्याच खोलीत होतं म्हणायला हरकत नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली होती. बारीक भोकातून ज्योत पलीकडे जात नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून तिला विझवतो. १८३२ मध्ये हेमिंग यांनी तेच तत्त्व तोटीत आणलं: एका नळीत पितळेच्या बारीक तारा इतक्या गच्च ठोकून भरायच्या की त्यांच्या फटींतून वायू जाईल, ज्योत जाणार नाही. आज टॉर्चच्या नळीवर जो बोटाएवढा फ्लॅशबॅक अरेस्टर लावतात, त्याच्या पोटात हीच कल्पना आहे. आणि ती न लावता काम करणारे आजही पुष्कळ आहेत, कारण 'आजवर काही झालं नाही'. बरेच जण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून निर्धास्त होतात. तो मागे येणारा वायू अडवतो, ज्योत नाही. दोन्ही वेगळी.

ॲसिटिलीनची कथा तर आणखी भयानक. १८३६ साली एडमंड डेव्हीला (हम्फ्रीचा चुलतभाऊ) सापडलेला हा वायू १८९२ नंतर कॅल्शियम कार्बाइडमुळे स्वस्त झाला. ऑक्सिजनबरोबर तीन हजार अंशांच्या वर जातो. पण स्वभावाने माथेफिरू. नुसता, शुद्ध, दाबून सिलिंडरमध्ये भरला तर हवेशिवायही फुटतो. म्हणून त्याला ॲसिटोनमध्ये विरघळवून, सच्छिद्र मसाल्याने भरलेल्या सिलिंडरमध्ये ठेवतात. हा मसाला सुधारणारा स्वीडनचा गुस्ताफ डालेन. १९१२ साली सिलिंडरच्या सुरक्षिततेचीच चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. ते घ्यायला गेला त्याचा भाऊ, जो स्वतः डोळ्यांचा डॉक्टर होता. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून जरा बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

चांदीच्या कामाला ॲसिटिलीन-ऑक्सिजन म्हणजे डासाला तोफ. शिवाय काजळी. तांब्याच्या नळीतून न्यायचा नाही, तांब्याशी त्याचं स्फोटक संयुग बनतं. मी तो पर्याय यादीतून खोडला.

सोनारकाकांच्या दुकानात आज काय आहे? माडीवर चार कारागीर बसतात, तिघे बंगालचे. दोघांकडे एलपीजी आणि ऑक्सिजन. एकाकडे अजून जुना पेट्रोलचा संच. पायाने भाता दाबायचा, हवा पेट्रोलच्या डब्यातून जाते, वाफ घेऊन टॉर्चला येते. म्हणजे मांडीशेजारी पेट्रोल आणि हातात ज्योत! काका म्हणाले, "त्याला तीच हाताला बसलीये." आणि चौथ्याकडे ते पाण्याचं यंत्र. वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचा आणि जळायला पाठवायचा, सुईसारखी बारीक ज्योत. मी एकदम ओळखलं, हे तर आपले क्लार्कसाहेब! मिसळलेलाच वायू. फरक इतकाच की तो साठवत नाहीत, लागेल तेवढाच तयार होतो, आणि वाटेत द्रवातून बुडबुडे काढून अरेस्टरमधून जातो. दोनशे वर्षांनी साहेबांची कल्पना कामाला लागली.

मग काकांनी एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही टॉर्चच्या जाहिरातीत नसते. 'केडीएम' हा शब्द आपण सगळ्यांनी दुकानाच्या पाट्यांवर वाचलाय. मला लहानपणी ते एखाद्या कंपनीचं नाव वाटायचं. ते कॅडमियमचं लघुरूप आहे. पूर्वी सोन्याचा डाक सोनं, तांबं, चांदी मिसळून व्हायचा, त्यात सोनं कमी. सांधे जास्त असतील तर दागिना मोडीत काढताना तूट यायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं सोनाराने फसवलं. कॅडमियम घातलं की ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम असा डाक होतो, जो लवकर वाहतो, आणि दागिना बावीस कॅरेटचा बावीस राहतो. गिऱ्हाईक खूष, दुकानदार खूष. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. टॉर्चखाली त्याचा धूर होतो आणि तो जातो थेट वाकून बसलेल्या माणसाच्या नाकात. त्रास होतो तो बऱ्याचदा काही तासांनी: ताप, छातीत दुखणं, धाप. वर्षानुवर्षं गेला तर मूत्रपिंडं आणि फुफ्फुसं. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९३ साली कॅडमियमला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं.

काकांचे थोरले भाऊ वीस-पंचवीस वर्षं हाच डाक लावत होते, बंद खोलीत. पंखा लावला तर ज्योत हलते म्हणून पंखाही बंद. शेवटी त्यांना जिना चढवत नव्हता. "कशाने ते डॉक्टरांनी काही ठाम सांगितलं नाही," काका म्हणाले, "पण मी केडीएमची पाटी काढली. सरकारने सांगायच्या आधी." हॉलमार्कच्या सोन्यात कॅडमियमला आता मनाई आहे, जस्त-इंडियमसारखे पर्याय आलेत, आणि १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झालाय. पण जुन्या दागिन्यांत ते आहेच. दुरुस्तीला आलेला जुना दागिना तापवला की तोच धूर. शुद्धतेचा अख्खा हिशोब गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडलेला होता, ज्योतीच्या या बाजूला बसलेल्या माणसाचा रकानाच त्यात नव्हता. आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये चमकणाऱ्या त्या साखळ्यांकडे मी हल्ली जरा वेगळ्या नजरेने बघतो.

बरं, मी काय निवडलं?

एक गैरसमज आधी माझा दूर झाला. मी सगळ्या टॉर्चची तुलना तापमानाने करत होतो, जसा आपण फोन घेताना एकाच आकड्याला धरून बसतो. पण तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. उदबत्तीचं टोक लालबुंद असतं, त्यावर चहा होत नाही. सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत वेगाने पळवणारी धातू म्हणजे चांदी. सांध्यावर ज्योत धरा, चांदी ती उष्णता सगळ्या अंगभर वाटून टाकते. म्हणून आधी अख्खा दागिना तापवायचा आणि शेवटी सांध्यावर यायचं. जोडव्याला, अंगठीला हातातला ब्यूटेन टॉर्च पुरतो. जाड कड्याला तो बापजन्मात पुरणार नाही, ज्योत तितकीच गरम असली तरी. तिथे एलपीजीचा मोठ्या तोंडाचा लागतो. आणि सोन्याच्या बारीक कामाला, साखळीच्या कडीला, एलपीजी-ऑक्सिजनची बारीक ज्योत. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सिलिंडर-ऑक्सिजन आणायचा विचारही मी केला नाही. घरगुती सिलिंडरला टॉर्च जोडणारे व्हिडिओ खूप आहेत. धंद्यासाठी तो वापरणं बेकायदेशीर आहेच, पण स्वयंपाकघरात छंदासाठीसुद्धा नको रे बाबा. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, टेबलाखाली, मोरीत, जमिनीलगत तळं करून बसतो, आणि आपण वर नाक लावून "वास तर येत नाही" म्हणत लायटर लावतो.

काकांच्या माडीवर मात्र मी एलपीजी-ऑक्सिजन पेटवायला शिकलो. आधी गॅस थोडासा, मग ठिणगी, मग हळूहळू ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही, तेल त्यात आपोआप पेटू शकतं. इंधनाच्या जोडणीचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरणारे, म्हणजे चुकून ऑक्सिजनची नळी तिथे बसूच नये. टाइप चेकिंग! ज्याने हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. ज्योतीत आतला निळा शंकू असतो, त्याच्या टोकाच्या जरासं पुढे सगळ्यात जास्त ताप. शंकूच आत खुपसणारे नवशिके, म्हणजे मी. आणि पोकळ मणी कधी बंद ठेवून तापवायचा नाही, आतली हवा फुगून फुटतो. बोरमाळेचे मणी तर आत लाखेने भरलेले असतात, त्यांना ज्योत लावली तर लाख जळून बाहेर. "घरी बोरमाळेला हात लावलास तर आजीला मी फोन करीन," असं काकांनी बजावलं.

शेवटी ब्यूटेनचा हातातला टॉर्च घेतला. एक भाजलेली वीट, कोळशाचा तुकडा, चिमटा, कॅडमियम नसलेला चांदीचा डाक, टाकणखार, चष्मा. सिंथेटिकऐवजी सुती शर्ट, कारण सिंथेटिक वितळून चिकटतं. खिडकी उघडी, वाऱ्याकडे पाठ.

आणि एवढं सगळं वाचून, शिकून, पहिल्याच दिवशी माती खाल्ली. टॉर्चमध्ये ब्यूटेन भरताना थोडा द्रव बाहेर सांडला. गार लागला, मजा वाटली, फुंकर मारली आणि लगेच बटण दाबलं. भक्! हाताभोवती निळा-पिवळा गोळा, एक सेकंदसुद्धा नाही. मनगटावरचे केस गेले आणि जळक्या केसांचा तो वास दोन दिवस नाकात होता. सांडलेल्या ब्यूटेनची वाफ हवेच्या दुप्पट जड, ती हातावर आणि विटेवर शांतपणे पसरून बसली होती. ज्या माणसाने दोन आठवडे क्लार्कसाहेबांना हसून घेतलं, त्याने हे करावं! आता भरतो बाल्कनीत, मग दहा मिनिटं बाजूला ठेवतो, आणि ते काम करायच्या जागी भरत नाही म्हणजे नाही. रूममेटने स्वतःच्या पैशांनी अग्निशामक आणून दाराशी ठेवलाय. त्यावर तो काही बोलला नाही, म्हणून जास्त लागलं.

पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. दिवे मालवले, कारण धातूचा रंग उजेडात कळत नाही. टाकणखार आधी लाहीसारखा फुलला आणि डाकाचा कण उडवून दिला, तो चिमट्याने परत जागेवर. मग खार बसला, काचेसारखा झाला. जोडवं मंद लाल दिसायला लागलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे सांध्याकडे बघत नव्हतो, आजूबाजूला ज्योत फिरवत होतो. आणि एकदम, पापणी लवायच्या आत, तो राखाडी कण चमकून पाण्यासारखा फटीत शिरला. डाक ज्योतीमागे जात नाही, उष्णतेमागे जातो.

सांधा जरा जाडच झालाय, बोट फिरवलं की कळतो. परवा आजीला नेऊन दिलं. तिने चष्मा लावून बघितलं, बोटात घातलं, आणि विचारलं, "सोनाराने किती घेतले?"

मी म्हटलं, शंभर.

"लुटलं हो तुला," ती म्हणाली.